पारोच्या घरातल्या सात वाट्या

भूतानला जायचं ठरवलं ते आईने. हे आधीच सांगून टाकते, कारण सौंसरमध्ये जो भेटतो तो मलाच विचारतो, "काय मॅडम, एवढ्या उन्हाळ्यात आईले घेऊन कुठं फिरून आल्या?" मी रामाकोन्याच्या शाळेत शिकवते आणि सुट्टीत मला कुलरसमोरून उठायचीही इच्छा नसते. पण एप्रिलमधल्या एका संध्याकाळी आई भाकर थापता थापता म्हणाली, "मिलिंद म्हने ना, त्या देशात जाऊ. चाल वं, जाऊन येऊ."

मिलिंद माझा धाकटा भाऊ. गेल्या हिवाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत तो गेला. बत्तीस वर्षांचा होता. सूतगिरणीत नोकरीला होता, आणि दरवर्षी दीक्षाभूमीवरून परत येताना बसमध्ये एकच विषय काढायचा: डोंगरात एक देश आहे, तिथे घराघरात बुद्ध आहे, आईला एकदा तिथे न्यायचं. आम्ही त्याला चिडवायचो, आधी लग्न कर, मग देश बघ.

तो गेल्यावर आई रडली नाही. आम्ही बौद्ध. आमच्यात तेरवी नाही, पिंड नाही. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो आणि त्यात जलदान असतं. भंतेजी गाथा म्हणतात आणि घरचं माणूस छोट्या लोट्याने ताटातल्या वाटीत हळूहळू पाणी ओततं. वाटी भरते, काठावरून सांडते, ताटात उतरते. आपलं पुण्य असं गेलेल्या माणसापर्यंत पोचतं, आणि आपण त्याला मोकळं करतो. आईने लोटा हातात घेतला, गाथा संपल्या, आणि तिने तो तसाच भरलेला खाली ठेवला. "मी नाई वतत," एवढंच म्हणाली. मामा उठले, मी ओततो म्हणाले, तर आईने लोट्यावर हात ठेवला. भंतेजी समजूतदार होते. "घाई नाही, माई," म्हणाले. पण नातेवाईक काय गप्प बसतात?

तेव्हापासून आईने मिलिंद गेल्याचं एकदाही तोंडाने म्हटलं नव्हतं. कोणी विचारलं तर विषय बदलायची, नाहीतर उठून आत जायची. ती आता कायमची अशीच राहते की काय, या भीतीने माझी झोप उडाली होती. म्हणून तिने भूतानचं नाव काढताच मी दुसऱ्या दिवशी नागपूरच्या एका टूरवाल्याकडे दोघींची नावं दिली.

जाणाऱ्यांसाठी थोडी कामाची माहिती. आम्ही सौंसरहून बसने नागपूर, तिथून रेल्वेने हावडा, मग दुसऱ्या गाडीने हासिमारा असे गेलो. हासिमाऱ्याहून सीमेवरचं जयगाव जवळच आहे. एक कमान ओलांडली की भूतान. पासपोर्ट नसला तरी मतदार ओळखपत्रावर परवाना होतो, पण कार्डावरचं नाव स्पष्ट हवं. भूतान सरकारचं शुल्क माणशी रोजचं बाराशे रुपये आहे, आमच्या टूरच्या पैशांत ते धरलेलं होतं. आपल्या नोटा तिथे चालतात. कमानीपलीकडच्या फुंटशोलिंगहून राजधानी थिंफूचा रस्ता म्हणजे नुसती वळणं, तेव्हा उलटीची गोळी घेतल्याशिवाय गाडीत बसू नका. आमच्या टूरमधले पांढुर्ण्याचे कापड दुकानवाले काका "आपन काय घाट नाई पायले का" म्हणत गोळीला नाही म्हणाले. वाटेतल्या गेदू गावाच्या धुक्यात गाडी त्यांच्यासाठी तीनदा थांबवावी लागली.

आमचा गाईड कर्मा. तिशीतला, त्यांचा घो नावाचा गुडघ्यापर्यंतचा झगा घातलेला, हिंदी झकास. थिंफूच्या वरच्या डोंगरावर बुद्धाची प्रचंड सोनेरी मूर्ती आहे. आईने त्यासाठी खास पांढरी साडी नेली होती. वारा असा की पदर धरता धरता तिची पुरेवाट झाली, पण तिने पंचांग प्रणाम केला आणि बराच वेळ वर बघत राहिली. मला वाटलं, आता रडेल. ती म्हणाली, "बापा, केवढा हाये!" आणि चहा कुठे मिळतो ते विचारलं.

आत गेल्यावर मात्र ती बावरली. तुपाचे दिवे, धूप, लाल डोळ्यांच्या, कवट्यांच्या माळा घातलेल्या देवता. "हे कोन वं? आपन तं प्रतिज्ञा घेतल्या ना, देवबिव मानत नाई म्हनून." मी म्हटलं, इथली रीत वेगळी आहे. कर्मा म्हणाला, ये बुद्ध के रक्षक हैं, मांजी. आईला ते काही पटलं नाही. बाहेर येऊन पायरीवर बसली आणि म्हणाली, "मिलिंदनं हे काई सांगतलं नाई." मला तेव्हा अपराधी वाटलं. एवढ्या लांब आणून तिला परक्याच्या घरी बसवल्यासारखं केलं होतं मी.

पुनाखाला जाताना दोचुला खिंड लागते. खूप छोटे छोटे स्तूप, भोवती गुलाबी फुलांनी लगडलेली झाडं, आणि नशीब असेल तर बर्फाची रांग दिसते. आमचं नशीब नव्हतं, सगळीकडे ढग. पुनाखा खाली आहे, उबदार. दोन नद्यांच्या संगमावर पांढरा किल्ला, त्याला तिथे झोंग म्हणतात, आणि काठाला जांभळ्या फुलांची झाडं. आतापर्यंत मी पाहिलेली ही सगळ्यात सुंदर इमारत असेल. कर्माने सांगितलं, एक नदी बाप आणि एक नदी माय. काकांनी लगेच विचारलं, "आनि पोट्टे कुठं हायेत?" सगळे हसले. आई पाण्याकडे बघत होती, तिने बहुधा ऐकलंच नाही.

जेवणाचं म्हणाल तर एमा दात्शी सगळीकडे. हिरव्या मिरच्यांची चीजमधली भाजी. मिरची तिथे मसाला नाही, भाजीच आहे. विदर्भ-सौंसरकडच्या माणसाला ते जड जात नाही. लाल तांदळाचा भात चांगला लागतो. मीठ-लोण्याचा चहा मात्र आईने एक घोट घेऊन माझ्या कपात ओतला. "औषध हाये का वं हे?"

शेवटचे दोन मुक्काम पारोला, हॉटेलात नाही, गावातल्या एका घरी. ज्यांना जमेल त्यांनी हे जरूर करावं. मातीच्या जाड भिंती, लाकडी जिना एवढा उभा की दोर धरून चढायचं, खाली गाई, पुढे भाताची खाचरं. घरमालकीण पेमा, आईच्याच वयाची, आखूड केसांची, हसली की डोळे मिटायचे. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण पहिल्याच संध्याकाळी दोघी मिळून वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई मला हलवून उठवत होती. चेहरा पांढराफटक पडलेला. "उठ वं. इच्या घरी मोठं झालं, कोनी गेलं." मी तिच्या मागे वर देवघरात गेले. पेमा कोनाड्यापुढे उभी होती. बुद्धासमोर पितळेच्या सात वाट्या रांगेत मांडल्या होत्या आणि ती तोंडाने काही पुटपुटत एकेका वाटीत पाणी ओतत होती. आई दारातच खाली बसली, हात जोडून. शेवटची वाटी भरून पेमा वळली तशी आई उठली, तिच्यापाशी गेली आणि आमच्याकडे मयतीच्या घरी बायका भेटतात तशी तिला गळ्याशी धरली. पाठीवरून हात फिरवत राहिली. पेमा गोंधळली, पण तिने आईला दूर केलं नाही.

मी धावत जाऊन कर्माला बोलावून आणलं. आई त्याला तिच्या हिंदीत विचारत होती, "इनका कोन गया भैया? पोरगा था क्या?"

"कोई नहीं गया, मांजी. सब ठीक हैं."

"तो ये पानी?"

कर्माने समजावलं. हे पाणी रोज सकाळी बुद्धाला वाहतात, घराघरात, आणि संध्याकाळी झाडांना घालतात. पाणीच का, तर ते गरिबाकडेही असतं. आणि सोनं दिलं तर मन त्याच्या मागे घुटमळतं, पाणी देताना मन मागे राहत नाही. आई ऐकत होती. "नाई राहत?" तिने मराठीतच विचारलं. त्याला ते कळलं नाही, मला कळलं.

खाली नाश्त्याला ही गोष्ट पसरली आणि काका खो खो हसले. त्यांच्या बायकोने त्यांना कोपराने ढोसलं. आई काही खायला बसली नाही. गाडीत माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "सात वाट्या होत्या ना. मले वाटलं, सात जनं गेले इचे. एवढे जाऊन बी हे बाई उभी कशी?"

त्या दिवशी तक्तसांगला जायचं होतं, कड्याला चिकटलेला तो मठ, ज्याचा फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. चढ दमवणारा आहे, गुडघे दुखत असतील तर हट्ट करू नका. अर्ध्या वाटेवरच्या चहाच्या ठिकाणापर्यंत गेले तरी समोर मठ दिसतो. मी तिथपर्यंतच गेले. आई खाली काकूंसोबत थांबली होती, माझं मन तिच्यापाशी. फोटो काढले, पण त्या मठाबद्दल लिहायला माझ्याजवळ खरोखर काही नाही. दृश्य तेवढंच भव्य असेल, माझंच लक्ष नव्हतं तिथे.

निघायच्या सकाळी आई अंघोळ करून, पांढरी साडी नेसून तयार होती. कर्माला म्हणाली, "उनको पूछो, एक कटोरी मैं भरूं क्या?" पेमाने लगेच तिच्या हातात पाण्याची झारी दिली आणि पहिल्या वाटीकडे बोट दाखवलं. कर्माने सांगितलं, मांजी, काठापर्यंत नाही भरायचं, तांदळाच्या दाण्याएवढी जागा ठेवायची. सांडलेलं चांगलं मानत नाहीत.

आईने ओतायला सुरुवात केली. धार बारीक होती. पाणी काठाजवळ आलं. पेमाने हलकेच हात पुढे केला. आई थांबली नाही. पाणी काठावरून सांडलं, नक्षीच्या लाकडावर आलं, खाली ठिबकायला लागलं. पेमाने आईचं मनगट धरलंच होतं, तेवढ्यात मी कर्माला म्हटलं, "मेरा भाई. हमारे यहां ऐसे ही करते हैं." त्याने पेमाला त्यांच्या भाषेत दोनच शब्द सांगितले. तिने मनगट सोडलं नाही, पण अडवणंही सोडून दिलं. तिचा हात आईच्या हातावर तसाच राहिला. मी गाथा म्हणायला लागले. निम्म्याच आठवल्या, त्याच पुन्हा पुन्हा म्हटल्या.

झारी रिकामी झाली तेव्हा आई म्हणाली, "जाय बापू. जाय आता."

पेमाने स्वतःच्या बाहीने लाकूड पुसलं. आईला ते बघून लाज वाटली, ती पदराने पुसू लागली, आणि दोघी गुडघ्यांवर बसून बराच वेळ खालची लाकडी जमीन पुसत होत्या. निघताना पेमाने विचारलं, कर्माने हिंदीत सांगितलं: कोण होता? आईने थेट पेमाकडे बघून उत्तर दिलं. "माहा पोरगा. मिलिंद. तो गेला." पाच महिन्यांत पहिल्यांदा मी ते तिच्या तोंडून ऐकलं.

परतीच्या वळणांवर आई माझ्या खांद्यावर झोपली. मला वाटलं, सुटलो. डोंगर उतरता उतरता मी मनात घरच्यांना सांगायची वाक्यंसुद्धा जुळवली होती, की आई आता बरी आहे, सहल कारणी लागली. नागपूरच्या फलाटावर उतरलो तेव्हा उन्हाने अंग भाजत होतं, आणि काका कधी एकदा घरची पोळी खातो या एकाच विषयावर बोलत होते.

घरी आलो आणि आई रडायला लागली. अशी रडली की शेजारच्या बायका धावत आल्या. त्यानंतर ती रोज रडते. स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना, कोणी "कशी होती सहल?" विचारलं तरी. नातेवाईक आता मलाच बोलतात, चांगली होती ती, उगाच नेलं एवढ्या लांब. त्यांना काय सांगू? कधी वाटतं, बरोबर केलं. कधी वाटतं, ती त्याला घट्ट धरून बसली होती, तेवढाच तिचा आधार होता, आणि मी तिला तो सोडायला नेलं. भूतानला जावं का, असं तुम्ही विचाराल तर म्हणेन, जरूर जा, देश सुंदर आहे, माणसं मायाळू आहेत. तिथून आल्यावर मन हलकं होतं असं मात्र मी कोणाला सांगणार नाही.

परवा शाळेत निघताना आईने मला दारात अडवलं. "तिथं आता थंडी असन का वं?" मी म्हटलं, "कुठं?" "तिथंच, त्या बाईच्या गावी. मिलिंदले थंडी सोसत नाई ना. स्वेटर घालूनही कुडकुडे. आन् म्या त्याले तिथं डोंगरात सोडून आली."

तेव्हापासून मी रोज सकाळी फोन उघडून तिला पारोचं हवामान वाचून दाखवते. ती हातातलं काम थांबवून ऐकते. आज सांगितलं, "ऊन आहे आई, चांगलं लख्ख ऊन." फोनमध्ये पाऊस दाखवत होता.