गवताखालचं पाणी

हँगिंग गार्डनच्या हिरवळीवर काल एक माणूस जमिनीला कान लावून पडला होता. शर्ट खोचलेला, बूट बाजूला काढून ठेवलेले. शेजारी त्याची लहान मुलगी तशीच आडवी.

“बाबा, काहीच ऐकू येत नाही.”

“गप्प राहिलं की येतं,” तो म्हणाला.

म्हणजे अजून सांगतात तर हे! मलबार हिलवरच्या या जुन्या बागेखाली पाण्याची मोठी टाकी आहे, गवताला कान लावला की ते पाणी ऐकू येतं, असं आमचे अण्णाही सांगायचे. आई दशम्यांचा डबा उघडत कुरकुरायची, “आपल्या नळाला येत नाही, ते इथे झोपलंय होय!”

चाळीत पाणी पहाटे यायचं. अण्णा उठून पिंपं भरायचे आणि तसेच कामाला पळायचे. निवांत पडलेले अण्णा आम्ही पाहिले ते फक्त या गवतावर. आम्ही भावंडं त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसायचो. कुणी बोललंच, तर आई ओठांवर बोट ठेवायची, “शू! ऐकतायत ते.”

पाणी मला कधीच ऐकू आलं नाही. अण्णांचा संथ श्वास तेवढा यायचा. ते चक्क झोपलेले असत, हे मात्र मी स्वतः दमायला लागल्यावर कळलं.

कालच्या त्या माणसाचेही डोळे मिटले होते. मुलगी उठून बसली. त्याला हलवायला तिने हात पुढे केला आणि माझ्याकडे बघितलं.

मी ओठांवर बोट ठेवलं. “शू! ऐकतायत ते.”