बारा पौंड सोमल

न्यू साउथ वेल्सच्या उत्तरेला, गोचिडांच्या पट्ट्यात, हर्ब ग्रॅनथम गुरांचा सरकारी हौद सांभाळायचा. गुरं रांगेने हौदात उड्या घेत, पोहून पलीकडे निघत, आणि अंगावरचे गोचीड मरत. पाण्यातला सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, कमी पडला तर गोचीड जगतो, जास्त झाला तर गाय जाते. हा हिशोब एकोणीस वर्षांत हर्बने दुसऱ्या कुणाच्या हाती दिला नव्हता. बायको वेरा म्हणायची, हा माणूस चर्चमध्येसुद्धा पाद्रीबाबांचं पाणी तपासून पाहील.

तीन हजार गॅलन पाणी, साठ पौंड सोमल. हजाराला दोन भाग. तपासणी सोपी. नमुन्यात खायचा सोडा आणि कांजी घालायची, मग आयोडिनचे थेंब सोडायचे. सोमल आहे तोवर तो आयोडिन गिळतो. संपला की पाणी निळं होतं. हर्बच्या नळीचे वीस थेंब म्हणजे हजाराला दोन.

त्या मार्चमध्ये सोळाव्याच थेंबाला पाणी निळं झालं.

त्याने पुन्हा तपासलं. सोळाच. म्हणजे अठ्ठेचाळीस पौंड. वर पत्र्याचं छप्पर, पावसाचा थेंब आत आलेला नाही. पंधरवड्यात एकही जनावर उतरलेलं नाही. मापाच्या काठीवर पाणी नेहमीच्या खुणेलाच. कुणीतरी सहाशे गॅलन उपसून तेवढंच ओढ्याचं पाणी ओतलं असणार.

पलीकडच्या उतारावर शेजारच्या मिक टियर्नीची झाडं उभ्या उभ्या वाळत होती. कुरणासाठी रान मोकळं करायचं तर सालीला खाच पाडून सोमल ओततात, की झाड असंच मरतं.

"झाडं बरी वाळताहेत रे," हर्ब कुंपणावरून म्हणाला.

"वय झालंय त्यांचं. तुझ्यासारखंच."

"सोमल कुठून आणलास?"

"दुकानातून. पावती दाखवू, की दुकानदारालाच उचलून आणू?"

पावती मागायला हर्ब थांबला नाही. पावत्या काय, कुणीही लिहितं. त्याने हौद चालवणाऱ्या सरकारी बोर्डाला पत्र धाडलं. पुरावा म्हणून हौदातल्या पाण्याची बाटली भरली, बुचावर लाख ओतून अंगठा दाबला, लेबलावर 'सोळा' लिहिलं आणि ती कपाटात ठेवून किल्ली गळ्यात घातली. चोरी ठरली तर टियर्नीचा गुरं हलवायचा परवाना जाणार होता. मग त्याची चाळीस गुरं बाजार बघणार नव्हती, आणि गुरांवाचून त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं.

पंधरा दिवसांनी बोर्डाचा निरीक्षक यायचा होता. त्या सकाळी हर्बला त्याचीही शंका आली: हा आकडा फिरवील. आपण आधी बघून ठेवावं. त्याने लाख फोडली.

तेराव्या थेंबाला निळं.

"वेरा! बाटलीला हात लावलास?"

"ते विष? हात लावला असता तर तुझ्या चहात नसतं का ओतलं?"

हर्बने लाखेचे तुकडे जुळवले. अंगठा त्याचाच होता. किल्ली गळ्यातच होती. हौदातल्या घाणीतले जंतू सोमलाचं रूप पालटतात आणि मग आयोडिनला तो दिसत नाही, हे त्याला पुढे कळलं. आत्ता एवढंच कळलं, की कुलपातल्या बाटलीतून कुणी पाणी उपसलेलं नाही.

नवी लाख ओतली असती तर कुणाला कळणार होतं? त्याने लाखेची कांडी उचलली, आणि परत कपाटात ठेवली.

निरीक्षक आला तेव्हा टियर्नी टोपी मुठीत चुरगाळून उभा होता. हर्बने उघडी बाटली पुढे केली.

"मीच फोडली. यावर सोळा लिहिलंय. तपासा, तेरा येतील. कपाटात माझ्याशिवाय कुणी गेलेलं नाही. म्हणजे हौदातही कुणी गेलं नसेल."

तेराच आले. निरीक्षकाने हर्बचं पत्र घडी करून परत दिलं.

"माझी चूक झाली, मिक."

टियर्नीने टोपी घातली. "गुरं आणीन. पण थेंब मी मोजणार."

आणि त्याने मोजले. दर खेपेला हर्बच्या खांद्याशी उभा राहून, ओठ हलवत, मोठ्याने. हर्ब नळी जरा उजेडाकडे धरायचा, त्याला नीट दिसावं म्हणून.