कुरामोचींनी उतरवलेला मोठा माणूस

आमच्या कंपनीत पाण्याचे पंप बनतात. कुरामोची साहेबांच्या हातून मात्र उभ्या जन्मात एक स्क्रूही फिरलेला नाही. सामान्य कारभार खात्यातले ते दुसऱ्या नंबरचे साहेब. काम एकच, कोणाला कुठे बसवायचं. पाहुणा दारापासून लांब, कनिष्ठ दाराशी, बाकीचे हुद्द्याच्या उतरंडीने. एवढं आमच्या सेंदाई शहरात कोणालाही कळतं. कुरामोचींनी त्याचा धर्म केला होता. एकदा त्यांनी चक्क लिफ्ट सोडली. आत त्यांच्याच बरोबर नोकरीला लागलेला एक गृहस्थ होता, आणि दोघांत धाकटा कोण, म्हणजे बटणं दाबायची कोणी, हे ठरेना. दोघेही जिन्याने गेले. तिथेही पुढे कोण, यावर बराच वेळ गेला म्हणतात.

एप्रिलमध्ये खातेप्रमुखांची खुर्ची रिकामी होणार होती. ती मिळणार या खात्रीने कुरामोचीबाईंनी नवऱ्याला नवा सूटही शिवून ठेवला होता. निर्णय हाताकेनाका या मोठ्या साहेबांच्या हाती. त्यामुळे फेब्रुवारीत डोंगरातल्या एका गिऱ्हाइकाकडे जाताना साहेबांनी कुरामोचींना बरोबर घेतलं, तेव्हा ते हवेतच होते. बॅगा उचलायला मी.

स्टेशनवर ते गिऱ्हाईक, म्हणजे तिथल्या कारखान्याचे मालक ओरिकासा शेठ, स्वतः गाडी घेऊन हजर.

"ड्रायव्हर तापाने फणफणलाय. आज मीच ड्रायव्हर! बसा!"

कुरामोचींनी सवयीने टॅक्सीचा हिशेब लावला. मोठे साहेब चालकाच्या मागे मानाच्या जागी, शेजारी स्वतः, आणि मला पुढे ढकललं.

पुढची सीट छान गरम होती. शेठजींनी मला पर्सिमनचं सुकवलेलं फळ दिलं, मुलाबाळांची चौकशी केली. मागे साहेब तोंड उघडं टाकून घोरत होते. अर्धा घाट चढलो आणि कुरामोचींच्या घशातून विचित्र आवाज आला.

"शेठजी, गाडी थांबवा!"

"का हो? मळमळतंय?"

"त्याहून वाईट!"

मालक स्वतः गाडी चालवतो तेव्हा मानाची जागा त्याच्या शेजारची. मागे बसलं तर त्याला भाड्याचा ड्रायव्हर केल्यासारखं होतं. आणि त्या मानाच्या जागेवर मी फळ चघळत बसलो होतो. गप्प राहिले असते तर पृथ्वीवर कोणाला पत्ता लागला नसता. पण गप्प राहायलाही थोडी अक्कल लागते.

बर्फातच त्यांनी मला बाहेर ओढलं आणि साहेबांना हलवून जागं केलं.

"साहेब, उतरा. इथे तुमचा अपमान होतोय."

"कधीपासून?" साहेबांनी डोळे चोळले.

"स्टेशनपासून."

"मग मला कसा कळला नाही?"

"अहो, राहू द्या की," शेठजी म्हणाले. "मला काही वाटलेलं नाही."

"तो तुमचा मोठेपणा!" कुरामोची कमरेत वाकले, ते वाकलेलेच.

जागा बदलल्या. गाडी मात्र चढावर जी रुतली ती हलेना. शेठजी स्टिअरिंगशी, आम्ही तिघे मागून ढकलायला. कुरामोची धापा टाकत म्हणाले, "साहेब, तुम्ही मधे या. मधली जागा मानाची."

साहेब मधे आले. चाकांनी उडवलेला सगळा चिखल मधेच येत होता.

बोलणी झाली तेव्हा साहेब उसन्या लोकरी मोज्यांत शेगडीपाशी बसून शिंकत होते.

एप्रिलमध्ये खुर्ची हिशेब खात्यातल्या शिगेनोबाईंना मिळाली. सभेत जिथे हीटर जवळ तिथे बसणाऱ्या या बाई. कोणीतरी साहेबांना कुरामोचींबद्दल विचारलं, तर म्हणाले, "नको. तो मला पुन्हा झोपेतून उठवेल."

हे कुरामोचींच्या कानावर कोणी घातलं नाही. घालूनही उपयोग नव्हता. परवा मला बाजूला घेऊन, डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "बघितलंस किकुता? एवढीशी चूक झाली, पण साहेबांनी माफ केलं नाही. याला म्हणतात मोठा माणूस!"

आणि मला आधी जाऊ द्यायचं की आपण जायचं, या विचारात दारातच उभे राहिले.