द्वारकाबाईंची आभाळातली संकष्टी

खंडाळ्याच्या घाटात गाडी बोगद्यात शिरली की द्वारकाबाई डोळे गच्च मिटून घेत. कर्जतहून पुण्याला एकदा जाऊन आल्या, तर आठवडाभर आळीला त्याचीच कथा ऐकावी लागली. अशी बाई एकोणीसशे एकोणपन्नास साली विमानानं विलायतेला निघाली म्हटल्यावर अख्ख्या कर्जतनं तोंडात बोटं घातली. भाजी आणून देणाऱ्या चंद्राबाईनं बजावलं, "डोलं मिटू नको गं बाय. खाली बघ, आमी आंगनात उभ्या ऱ्हातो."

हौस म्हणून त्या निघाल्या नव्हत्या. धाकटी विमल लंडनला पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण डॉक्टर तिला प्रवास करू देईनात, तेव्हा माहेरच लेकीकडे निघालं. थोरली अनू खालापूरला सासरी आठव्या महिन्यातच अडली होती. त्या पावसात ओढे भरून वाहत होते, बैलगाडी अडली, आणि आई पोहोचली तेव्हा लेक गेलेली होती. आता बोटीनं जायचं तर पुन्हा तेच व्हायचं, म्हणून जावई हेमचंद्रानं विमानाची सोय केली.

नेमका संकष्टीचाच दिवस आला. उपास तर त्या सोडणाऱ्या नव्हत्याच. पिशवीत तळलेल्या मोदकांचा डबा घेतला, पंचांग घेतलं आणि खिडकीशी बसल्या. विमान उठलं ते थेट समुद्रावर. कर्जत काही दिसलं नाही, आणि चंद्राबाई बिचारी उगाच उभी राहिली असेल याचं त्यांना वाईट वाटलं.

कानात दडे बसले, पाय सुजले, विमान खाली-वर झालं की त्या खुर्ची घट्ट धरून बसत. पण ढगांच्या वर ऊन पडलेलं पाहिलं, खाली पेजेवरच्या फेसासारखे ढग, आणि त्यांना चक्क मजा वाटली. लेक तिकडे अवघडलेली आणि आपण मजा बघतोय, असं मनात येऊन त्यांनी लगेच पडदा ओढला. जेवण घेऊन येणाऱ्या पारशी मुलीला त्या दर वेळी उपास असल्याचं आणि लेकीच्या बाळंतपणाला निघाल्याचं सांगून परत पाठवीत.

संध्याकाळ काही केल्या होईना. पंचांगातली चंद्रोदयाची वेळ मुंबईची. शेजारचे गृहस्थ तर आपलं घड्याळ मागे करून बसले. कैरोला खाली उतरवलं, तर आभाळ धुळीनं भरलेलं. पुन्हा विमानात बसल्यावर गृहस्थांनी समजावलं, की आपण पश्चिमेला निघालोय, चंद्र उगवणार तो आपल्या पाठीमागे. द्वारकाबाईंचा जीव खालीवर झाला. उपास मोडला आणि पोरीला काही झालं तर? पाणी प्यायला पेला उचलला, तर हात थरथरत होता.

पारशी मुलगी जवळ बसली. "आई, हे हात असे कापतात," ती हळूच म्हणाली, "बाळाला कसं धरशील?"

द्वारकाबाईंनी पेला खाली ठेवला. मग गणपतीची क्षमा मागून त्यांनी दूध घेतलं आणि एक मोदक खाल्ला. पण धाकधूक गेली नाही. उरलेली वाट त्यांनी देवाचं नाव घेतच काढली.

लंडनला दाट धुकं होतं. घरी विमल खुर्चीत बसली होती, ओठ सुकलेले. हेमचंद्र म्हणाला की कालपासून ही काही खात नाही. चंद्र दिसला नाही आणि इथली चंद्रोदयाची वेळ कुणाला ठाऊक नाही. आईनं लहानपणापासून जे शिकवलं, तेच ती करीत होती. द्वारकाबाईंनी कोटसुद्धा न काढता डबा उघडला.

"चंद्र दिसल्याशिवाय?" विमलनं विचारलं.

"चंद्र नाही दिसला. मी दिसले ना? खा."

विमलनं मोदक खाल्ला, वर दूध घेतलं. संध्याकाळी तिला कळा सुरू झाल्या, तेव्हा तिचा हात आईच्या हातात होता.