म्हस बी हसली

कोल्हापुरात म्हशीची धार डोळ्यांदेखत काढून कट्ट्यावरच दूध प्यायला देतात. तिथे मी पहिल्याच दिवशी म्हणालो, “जरा पाणी घालून द्या.” शेजारी एक झुपकेदार मिशीवाला उभा होता. त्याने ग्लास खाली ठेवला, कठड्यावर बोटांनी ताल धरला आणि सुरू झाला:

पावणं आलं कट्ट्यावर,
भरवसा त्यांचा पाण्यावर;
म्हणलं, दूध करा पातळ,
पोटात होतीया मळमळ;
म्हस बी हसली पावण्यावर!

तेव्हापासून नुसता वैताग आहे. मी दिसलो की अख्खा कट्टा विचारतो, “हसली का म्हस?” आणि हा माणूस मिशीला फेस लावून माझी चप्पल, माझी शिंक, माझं हेल्मेट, कशावरही पाच ओळी जोडतो. माझं नाव त्याने कधी विचारलं नाही. यमकाला अडचण नको, म्हणून असेल.

शेवटी मीही त्याच्या मिशीवर पाच ओळी रचल्या आणि दातओठ खात म्हणून दाखवल्या. कुणी हसलं नाही. त्याने शांतपणे फेस पुसला.

“पावणं, डोक्यात राख घातली की यमक घावत न्हाय, आन् चिडक्या माणसाला म्हस पावत न्हाय.”

समजूतसुद्धा यमकात! मी वैतागून म्हशीकडे पाहिलं. ती खरंच हसत होती.