आक्कांचा साहेब

आमच्या हॉटेलात कोणीही पाहुणा उतरलेला असो, पहिले पान भुताचे वाढले जाई. कोपऱ्यातल्या खोलीत मेजावर केळीचे पान, त्यावर भाकरी, पिठले, कांदा आणि शेजारी एक पितळी काटा. “त्येला हातानं जेवाय येत न्हाई,” हा हॉटेल चालवणाऱ्या आक्कांचा खुलासा. तोवर भुकेने व्याकूळ झालेले मामलेदार कचेरीतले कारकून पाटावर चुळबुळत बसत. कोणी कुरकुर केलीच, तर आक्का पदर खोचून म्हणत, “आवं, तुमी आत्ता आलासा. त्यो आदीपास्नं हितं हाय.”

साताऱ्यात छावणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ही बैठी, कौलारू इमारत होती. कंपनीच्या काळात कोणा गोऱ्या अधिकाऱ्याने ती हौसेने बांधली आणि वर्ष सरायच्या आत तो तिथेच तापाने गेला, असे सांगत. पुढे तिचे हॉटेल झाले. दारावर इंग्रजी पाटी होती. परंतु टांगेवाल्याला तिच्यावरचे नाव सांगून उपयोग नसे, ‘भुताचं हॉटेल’ म्हणावे लागे. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत शाळेत इंग्रजीचा शिक्षक म्हणून मी साताऱ्यास रुजू झालो, तेव्हा अशाच एका टांगेवाल्याने मला तिथे आणून सोडले, आणि घोडे न थांबवताच ट्रंक खाली ठेवली.

आक्का उंबऱ्यातच उभ्या होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, कपाळ मोकळे, डोळे मात्र विलक्षण खट्याळ. खोली रिकामी आहे का, हे मी इतक्या हळू विचारले, की त्यांनी दोनदा “आँ?” केले.

“एक खोली मोकळी हाय, पर ती मोकळी न्हाई,” त्या म्हणाल्या. “तुमी तिच्या शेजारची घ्या. काय शिकवता?”

“इंग्रजी.”

“मग लय ब्येस झालं. त्येला बी शेजार हुईल.”

मला रात्री कधी काही दिसले वा ऐकू आले नाही, हे आधीच नमूद करतो. दिसले ते भर दुपारी. कोपऱ्यातल्या खोलीत एक करडे मांजर मेजावर बसून त्या पानातले पिठले मनसोक्त चाटत होते. मोठी कामगिरी बजावल्याच्या भावनेने मी आक्कांना बोलावले. त्यांनी मांजराकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि दार हलकेच ओढून घेतले. “जेवू द्या त्येला. कवा कवा त्या रूपानं येतुय,” म्हणाल्या. एकादशीला साहेबाला साबुदाण्याची खिचडी असे. तो ख्रिस्ती होता, हे मी एकदा चाचरत सुचवले. “आसंल,” आक्का म्हणाल्या, “पर ऱ्हातुय कुनाच्या घरात?”

ही सारी थट्टा होती, असे मात्र म्हणवत नाही. एका संध्याकाळी तांदूळ निवडताना त्या सहज बोलून गेल्या, “बायकू न्हाई, प्वार न्हाई, परमुलखात मेला बिचारा. माझं तरी काय येगळं हाय?” मग लगेच सूप आपटून, “मास्तर, खडं काय आपसूक निगत्यात? हात लावा!”

भूत होते म्हणून आक्का तिथे होत्या, हेही खरे. इमारतीचे मालक सांगलीचे हळदीचे व्यापारी होते. त्यांना सगळे अण्णा म्हणत. भुताच्या लौकिकामुळे दुसरा कोणीही ती जागा घेईना, म्हणून त्यांनी ती अत्यल्प भाड्याने या निराधार बाईस दिली होती. लढाई ऐन भरात आली आणि लष्कराला माल पुरवणारा एक कंत्राटदार कचेरीसाठी जागा मागू लागला. तो भरपूर भाडे द्यायला तयार होता. अट एकच, भूत घालवून द्यावे. अण्णांनी आक्कांना निरोप धाडला : येत्या अमावास्येला देवऋषी घेऊन येतो, भूत गेले, की महिनाअखेर तुम्हीही दुसरी सोय पाहा. त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडले. आक्कांना दुसरी सोय नव्हती.

देवऋषी कोरेगावकडचा होता. अमावास्येला त्याला दुसरीकडचे बोलावणे आले, म्हणून एकादशी ठरली. आणि रात्री त्या इमारतीत पाऊल टाकायची त्याची तयारी नव्हती, म्हणून दुपार ठरली. लिंबे, अंगारा, कडुलिंबाचा डहाळा आणि टोपलीखाली एक कोंबडा अशा सिद्धतेने तो रिकाम्या खुर्चीसमोर बसला व गरजला, “बोल! कोन तू? कुटल्या गावचा?”

खुर्ची गप्प. त्याने पुन्हा विचारले. मग अण्णांना एकाएकी उमगले. “अहो, त्याला मराठी कसं कळणार? इंग्रज ना तो! मास्तर, जरा पुढं या, तुम्ही विचारा.”

वर्गात मुलांना ‘बसा’ म्हणतानाही माझा आवाज कापे. त्यातून समोर साहेब. त्याला एकदम ‘तू कोण’ विचारणे प्रशस्त वाटेना. मी “गुड आफ्टरनून, सर” अशी सुरुवात केली, आणि हरकत नसेल तर आपले शुभनाव कळावे, अशी इंग्रजीत विनंती केली.

“काय म्हनला त्यो?” देवऋषीने विचारले.

“अजून काही नाही.”

तेवढ्यात दारातून असा काही हुंकार आला, की टोपलीखालचा कोंबडाही गप्प झाला. आक्का केस मोकळे सोडून घुमू लागल्या होत्या. “कोन हाकलतुय रं मला?”

“साहेब मराठी बोलतो?” अण्णांच्या तोंडून निघून गेले.

“एवडी वर्सं ह्या बाईच्या हातची भाकरी खातुय! मराठी येनार न्हाई व्हय? मला काय धोंडा समजलास?”

देवऋषीने घाईघाईने टोपली पुढे सरकवली. “रागावू नगंस. कोंबडा घे आन वाटंला लाग.”

“कोंबडा?” आक्का कडाडल्या. “आज एकादशी हाय! लाज न्हाई वाटत?”

हे ऐकून अण्णांचे हात आपोआप जुळले. ते स्वतः माळकरी होते. “साहेब, आपली इच्छा तरी काय?”

“ही बाई हाय तवर मी गप ऱ्हानार. हिला हलीवलीस, तर तुज्या सांगलीच्या हळदीच्या पेवात यीऊन बसंन!”

पेव म्हणजे हळद साठवायचे जमिनीखालचे खोल कोठार. व्यापाऱ्याचा सारा जीव तिथे. अण्णा संध्याकाळच्या गाडीची वाट न पाहता दुपारच्याच गाडीने परतले. कंत्राटदाराला नकार गेला.

“आक्का,” मी धीर करून विचारले, “खरंच अंगात आलं होतं?”

त्या केस बांधत होत्या. “तुमीच इचारलं न्हवं का विंग्रजीत? मग कुनीतरी उत्तर द्याय नगं?”

पुढे स्वराज्य आले. कचेरीवर झेंडा चढला, आक्कांनी सर्वांना शिरा केला. पंगतीत कोणी म्हणाले, “आक्का, समदं साहेब बोटीत बसलं. तुमच्या साहेबाला बी धाडा आता!” सगळे हसले. आक्कांचा वाढता हात मात्र थबकला. जे राज्यच उरले नाही, त्यातल्या साहेबाला कोण भिणार?

त्याच सुमारास माझी सांगलीस बदली झाली. निरोप घ्यायला गेलो, तेव्हा त्यांनी मला बाजूला ओढले. “मास्तर, जाताना त्येला काय सांगू नका बरं.”

“काय सांगू नको?”

“राज गेल्याचं. मराटीत कुनी सांगितलं, तर त्यो खरं मानायचा न्हाई, आन हितं विंग्रजी येनारं तुमी एकटंच. तुमी न्हाई सांगितलं, तर त्येला कळनार कसं?”

मी शब्द दिला.

काही महिन्यांनी सांगलीच्या हळद बाजारात अण्णांनी मला गाठले. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्यांनी आवाज खाली आणला. “मास्तर, सगळे इंग्रज गेले. साताऱ्याचा गेला का हो?”

“नाही,” मी म्हणालो. “त्याला अजून कळलेलं नाही.”

अण्णा विचारात पडले. पायांखाली त्यांचे पेव होते. “कळलं, तर विलायतेला जाईल?”

“आता तिथे त्याचं कोण आहे, अण्णा? ओळखीचे म्हणाल, तर तुम्हीच.”

माझ्या आयुष्यात इतके ठाम वाक्य मी दुसरे बोललेलो नाही. अण्णांनी इकडेतिकडे पाहिले आणि माझा दंड घट्ट धरला.

“मग कुणीच सांगायचं नाही त्याला,” ते म्हणाले.

आणि कोणीही सांगितले नाही. आक्का त्या इमारतीत शेवटपर्यंत राहिल्या.