दाजींची पैंजणांची यादी

आमच्या दाजींच्या मते जगात वस्तू दोनच प्रकारच्या, बदलणाऱ्या आणि न बदलणाऱ्या. देवाने हे जग पायथॉन या संगणकाच्या भाषेतच लिहिले असणार, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नाही. कोल्हापुरात ते पायथॉनचा क्लास घेतात, आणि क्लास सुटला तरी ते सुटत नाहीत. मिसळीबरोबरची कटाची वाटी पुन्हा भरून आली की उचलून दाखवणार, "वाटी तीच, आतलं बदललं. ही लिस्ट, बदलता येणारी यादी." लग्नपत्रिका हाती पडली की, "छापलेलं बदलत न्हाय. चुकलं तर नवीच छापायची. हे टपल, न बदलणारी यादी." एका लिस्टला दोन नावे दिली म्हणून दोन लिस्ट होत नाहीत, हे तर त्यांनी माझ्या ताईवरच बसवले होते. "हिला माहेरी एक नाव, सासरी एक. पण चिमटा काढला तर वरडणारी बाई एकच की." ताई हल्ली चिमट्याआधीच ओरडते.

हा माणूस रविवारी दुपारी हुपरीला वडिलांकडे, आप्पांकडे, गेला की मात्र गप्प होई. आप्पांनी जन्मभर चांदीचे पैंजण घडवले. आता त्यांना विसरायला होते. सगळे पुसले जाण्याआधी त्यांच्या जुन्या पैंजणांची नावे टिपून घ्यायची, एवढाच दाजींचा ध्यास. मीही कधीमधी बरोबर जाई. ऊन जमिनीवरून सरकत असे, शेजारून बारीक ठोक्यांचा आवाज येई, आणि आप्पा डोळे मिटून तासाला एखादे नाव सांगत. मोहर. पिंपळपान. जोडघुंगरू. दाजी ते लॅपटॉपवरच्या लिस्टमध्ये घालत. मला तिथे फार गोड पेंग येई.

मग दिव्याखाली अंधार म्हणतात तसे झाले. दोनदा आलेली नावे काढायला दाजींनी यादीची प्रत केली, पण ते होते मूळ यादीचेच दुसरे नाव. प्रतीत खोडाखोड फसली, सगळी नावे उडाली, फाइल तशीच सेव्ह झाली. "मूळ हाय की," म्हणत त्यांनी मूळ यादी उघडली, तर तीही रिकामी. दोन दिवस दाजी धड जेवले नाहीत.

पुढच्या रविवारी ते पुन्हा आप्पांपुढे बसले. आप्पांनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिले.

"पावणं, कुठनं आलासा?"

"कोल्हापुरातनं," दाजी हळूच म्हणाले. "पैंजणांची नावं सांगता का?"

आप्पा त्या दिवशी भराभर बोलले. सांजवेळ, रंकाळा, ओढ्याचं पाणी. ही नावे त्यांना तिथेच सुचत होती; असले पैंजण हुपरीत कधी कुणी घडवले नसतील. तरी दाजींनी एकूणएक नाव लिहून घेतले, आणि निघताना आप्पांच्या पाया पडले.

"परत या, पावणं."

"येतो की. दर आयतवारी."

परतीच्या बसमध्ये दाजी खिडकीबाहेर बघत राहिले. आज तरी त्यांनी मला काहीतरी समजावून सांगावे, असे मला पहिल्यांदाच वाटले.